बोटीतली सहावी जागा

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत, सगळे बोलले. कॉलनीतले बोलले, तुमच्या शाळेतले बोलले, ज्यांना तुम्ही आयुष्यभर टाळलंत ते लांबचे मामासुद्धा वीस मिनिटं बोलले. माईक माझ्या हातात आला तेव्हा मी "अक्का..." एवढंच म्हटलं आणि तो आपल्या विहारातल्या लताकडे दिला. पिठाच्या गिरणीत दिवसभर मोटारीच्या वर आवाज काढणारी मी, तुमची सख्खी भावजय, आणि तोंडातून शब्द नाही! लोकांना वाटलं, गळा दाटला. दाटला होताच. पण खरं सांगू का? मला तुमचा रागही आला होता. इतकं सगळं मांडून ठेवायचं आणि मधेच उठून जायचं, याला काय म्हणावं?

त्याला आता तीन महिने होतील. आज लिहायला बसले, कारण शुक्रवारी मी यात्रा काढणाऱ्या काशिनाथच्या ऑफिसात यादीतून तुमचं नाव खोडायला गेले होते आणि तिथे भलतंच कळलं. तुमच्या भावाला सांगितलं, तर ते म्हणाले, "अक्काची भानगड आहे, अक्कालाच विचार." म्हणून विचारते आहे. दुपारची वेळ आहे, गिरणी बंद आहे. कागदाला पीठ लागलं तर समजून घ्या.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. गोष्ट मधूनच सुरू करणाऱ्या पोरांचे मार्क कापणाऱ्या बाई तुम्ही!

श्रीलंकेचं खूळ तुमचं. आपल्या विहारातल्या आपण सात जणी. बोधगयेला जाऊन आलो, सारनाथला जाऊन आलो, आणि प्रत्येक वेळी निघायच्या आधी तुम्ही आमच्याकडून तालीम करून घेतलीत. तीस वर्षं हरसूलकडच्या शाळेत स्नेहसंमेलनं बसवलीत ना, तालमीशिवाय तुम्हाला घास तरी गिळायचा का? बोधगयेच्या आधी तीन रविवार आम्ही आपापल्या बॅगा उचलून लेण्यांच्या पायऱ्या चढलो. वर पोचल्यावर तुम्ही बॅगा उघडायला लावल्यात आणि एकेकीला विचारलंत, "यातलं काय नसतं आणलं तर चाललं असतं?" सुमनताईंच्या बॅगेतून इस्त्री निघाली! त्यानंतर आजपर्यंत आमच्यातल्या कुणाचं सामान हमालाला द्यावं लागलेलं नाही.

तर श्रीलंका. तुम्ही विहारातल्या फळ्यावर कार्यक्रम लिहिलात. अनुराधपूरचा बोधिवृक्ष. कँडीचं दंतधातूचं मंदिर. आणि त्याच्याखाली, तितक्याच टपोऱ्या अक्षरांत, किटुलगला, राफ्टिंग.

"हे शेवटचं काय गं?" सुमनताईंनी विचारलं.

"रबराच्या बोटीत बसून नदीतून वल्हवत जायचं."

"कुठं जायचं?"

"कुठं नाही. खाली उतरायचं आणि चहा प्यायचा."

"मग कशाला?"

"मजा म्हणून," तुम्ही म्हणालात. "इतक्या ठिकाणी हात जोडायला गेलो. एक दिवस हसायला जाऊ. सुमन, तू शेवटचं मोठ्यानं कधी हसलीस ते सांग आणि मग नाही म्हण."

 बासष्टाव्या वर्षी सुमनताईंनी राफ्टिंगला हात वर केला, आणि मग लतानं, मग बाकीच्यांनी. एका बोटीत सहा जणी बसतात असं तुम्ही सांगितलंत. मी लगेच म्हटलं, "बरं झालं, मी सातवी. मी काठावर बसते, तुमच्या पर्सा आणि चष्मे सांभाळते." तुम्ही माझ्याकडे पाहून मान डोलावलीत. किती शहाण्यासारखी मान डोलावलीत हो अक्का!

मग तुम्ही यात्रा कंपनीवाल्या काशिनाथला जे प्रश्न विचारलेत, ते मी गिरणीच्या काउंटरवरून ऐकलेत. फोन तुम्ही नेहमी तिथेच बसून करायचात. पाणी कोणत्या महिन्यात उतरलेलं असतं? पहिल्यांदाच बसणाऱ्यांना झेपतील एवढ्याच लाटा आहेत ना? जॅकेटं मोठ्या मापाची आहेत का, कारण "आमच्यात सडपातळ कुणीही नाही." वाटाड्याला हिंदी येतं का? ओले कपडे बदलायची खोली आहे का, आणि तिला आतून कडी आहे का? आदल्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस झाला तर बोट रद्द कराल ना, की ऊन पडलंय म्हणून ढकलाल? कडीचा प्रश्न तर मला सुचलाच नसता. पाच देश फिरलेल्या माणसालाही सुचला नसता.

एक प्रश्न मात्र तुम्ही प्रत्येक फोनला विचारायचात. "मधेच एखादी घाबरली, तर तिला उतरवायची जागा कुठं आहे? तिथपर्यंत गाडी येते का?" मी पीठ चाळता चाळता मनात म्हणायचे, या सहा जणींत घाबरणारी आहे कोण? लता तर सिंहाच्या तोंडातही हात घालेल.

घाबरणारी मी. तुम्हाला हे माहीत होतं, पण कारण मी कधीच नीट सांगितलं नव्हतं. आज सांगते. इगतपुरीत वाढले मी. तिथे चार महिने पाणी वरून, खालून, भिंतीतून. आठ वर्षांची असताना आईबरोबर ओढ्यावर धुणं धुवायला गेले होते. माझी नवीन चप्पल वाहत गेली. तिच्या मागे मी गेले. गुडघा, कंबर, मग गळा, आणि मग पायाखाली काहीच नाही. आईनं केस धरून ओढलं आणि काठावर आणून दोन थोबाडीत दिल्या. चप्पल गेली ती गेलीच. तेव्हापासून डोक्यावरून तांब्या ओततानाही मी श्वास धरते.

तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात ओळखलंत. नवी नवरी मी, न्हाणीघरातून माझे "हुं, हुं" आवाज यायचे आणि बाहेर तुमचे भाऊ हसायचे. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी बादलीजवळ एक छोटा मग ठेवलेला होता, पाव तांब्याचा. कुणी ठेवला, का ठेवला, चकार शब्द नाही. एकवीस वर्षं झाली, तो मग मी अजून वापरते.

आता तालमीचं. अक्का, ती तालीम ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून खरं वाटायचं नाही. रविवारची वंदना झाली की विहाराच्या हॉलमध्ये दोन गाद्या जोडायच्या. कडेनं लोड लावायचे. लोडांवर बसायचं, पाय आत, एक पाऊल समोरच्या लोडाखाली घट्ट. आणि वल्ही? तुम्ही कॉलनीतले सहा वायपर गोळा केलेत आणि उलटे धरायला लावलेत! फरशी पुसायच्या वायपरचा जो आडवा भाग असतो, तो वर हातात. "खऱ्या वल्ह्यालाही वर अशीच आडवी मूठ असते. तिच्यावरचा हात सुटला तर शेजारणीचे दात गेले." माझा हात एकदा सुटला आणि लताचा ओठ फुटला. तिनं तो आठवडाभर सगळ्या कॉलनीला दाखवला, जखमेपेक्षा अभिमानच जास्त होता.

"फॉरवर्ड!" तुम्ही पट्टी आपटायचात. "बॅक! स्टॉप! खाली बसा!" खाली बसा म्हटलं की सगळ्यांनी लोडावरून आत घसरायचं आणि दोरी धरायची. दोरी म्हणून कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधली होती. आणि पडलं तर काय करायचं? "उताणं. पाय वर, नाक वर. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकतो. जॅकेट तरंगवतं, तुम्ही फक्त गप्प पडून राहा."

आणि मग त्या सगळ्या बायका खरोखर फरशीवर उताण्या पडायच्या, पाय वर करून. तुमची एकच काळजी, मूर्तीकडे कुणाचे पाय होता कामा नयेत. म्हणून तुम्ही बोटीचं तोंड दाराकडे केलं होतं. लतानं विचारलं, उलट दिशेनं वाहून गेलो तर? तुम्ही म्हणालात, "नाही जाणार. आपली नदी दाराकडे वाहते."

त्याच दारातून एकदा विहाराचे भन्तेजी आत आले. समोर पाच बायका आडव्या, पाय हवेत. ते थांबले. तुम्ही जागच्या जागी हात जोडलेत, बाकीच्यांनी पडल्या पडल्याच जोडले. भन्तेजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. बुडताना गप्प पडून राहणं फार कमी लोकांना जमतं." ते गेल्यावर आपण इतक्या हसलो की सुमनताईंना कवळी काढून ठेवावी लागली.

तुम्ही म्हणाल, रंजना, पाच कशा? सहा होत्या ना?

तेच तर! सहावी जागा तुमची होती. डावीकडची, मधली. पण तुम्ही तिथे कधी बसलातच नाहीत. "मी कमांड देते. रंजना, जागा रिकामी दिसते गं, गिरणी बंद करून ये आणि तेवढी माझी जागा धर." दर रविवारी. मी कुरकुरत यायचे, पिठाच्या हातानं वायपर धरायचे, तुमच्या जागी बसायचे. उताणं पडायची वेळ आली की मात्र उठून जायचे. म्हटलं, आपल्याला कुठं पडायचंय? आपण नुसती जागा धरलीय.

मला काहीच कसं कळलं नाही? माझ्यासारखी मठ्ठ मीच.

शेवटच्या रविवारचं मला बोलायलाच हवं. खिडकीबाहेर कॉलनीतली पोरं जमून हसत होती, शेजारच्या बायका डोकावत होत्या. मला लाज वाटली. सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हटलं, "पुरे करा अक्का हे थेर. वयाला शोभत नाही."  तुमच्या हातात पट्टी होती. तुम्ही मला शांतपणे म्हणालात, "थेर करायचेच आहेत, रंजना. पण नीट करायचेत. बस खाली."

मी बसले. पण माफी मागितली नाही. पाच दिवसांनी सकाळी तुम्ही चहा अर्धा ठेवलात, छातीत आवळल्यासारखं होतंय म्हणालात, आणि रिक्षात बसताना मला सांगितलंत, "गॅसवर दूध आहे." तुमचं शेवटचं बोलणं दुधाबद्दल. माझं तुमच्याशी शेवटचं धड बोलणं थेरांबद्दल. त्या पाच दिवसांत भाजी, डबा, दळण यापलीकडे मी तुमच्याशी बोललेच नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही अक्का. जाणारही नाही.

तुमच्यामागे वायपर घरोघर परत गेले. पुढच्या महिन्यात निघायचं, तिकिटं तुम्ही आधीच काढलेली. आम्ही सहा जणी उरलो. लतानं विषय काढला, की बोटीचं काय? काशिनाथनं मागेच कळवलं होतं, बोटीत सहा माणसं लागतात, पाचच असल्या तर सहाव्या जागेवर दुसऱ्या कुठल्या तरी गटातला माणूस बसवतात. सुमनताई म्हणाल्या, "परका बाप्या शेजारी, आणि आपले ओले कपडे अंगाला चिकटलेले. नको गं बाई." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मी काय म्हटलं माहितेय? "अक्काच नाहीत तर मजा कुणाला येणार? तो दिवसच काढून टाकू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. लताच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का, मी तुमच्या जाण्याच्या आड लपले. भीती माझी आणि नाव तुमचं. बोलतानाच मला ते कळत होतं आणि तरी बोलले.

सोमवारपर्यंत काशिनाथला पक्कं सांगायचं होतं. म्हणून शुक्रवारी मी त्याच्या ऑफिसात गेले. तुमचं नाव यादीतून काढा आणि राफ्टिंग रद्द करा, एवढंच सांगून उठायचं ठरवून.

काशिनाथनं फाईल काढली. चाळली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, बोटीच्या यादीत बाईंचं नाव नाहीच की."

"नाही कसं? सहा जणींत त्या पहिल्या."

"सहावं नाव तुमचं हाय. रंजना. ही बघा तुमची सही."

आणि खरंच माझी सही! मला आठवलं, पावसाळ्यात एकदा गिरणीत डब्यांची रांग लागली होती, आणि तुम्ही कागद पुढे केलात, "रंजना, इथं सही कर." मी केली. तुम्ही पुढे केलेला कागद मी कधी वाचलाय? त्या कागदावर सहीच्या शेजारी माझ्या अंगठ्याचा पिठाचा ठसासुद्धा तसाच होता. नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.

काशिनाथ म्हणाला, "आमच्या फॉर्मात शेरा नसतो. बाईंनी पट्टीनं रकाना आखला आन् सगळ्यांचे शेरे लिहिले." मी वाचले. अगदी प्रगतिपुस्तकातल्यासारखे. लता: उत्साहाच्या भरात उभी राहते, बसवावे. सुमन: चष्म्याला नाडी आवश्यक, हसू लागल्यास वल्हवणे थांबते. आणि माझा: पाण्याला घाबरते. सांगितलेले ऐकते. आवाज मोठा. डावीकडे, मधे बसवावे.

पोहता येतं का, या रकान्यात: नाही. गरज नाही.

आणि पानाच्या तळाला, वेगळी रेघ मारून: काठावर, मी.

माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली. मी काशिनाथला विचारलं, हे काय आहे? त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाला, "डॉक्टरांनी बाईंना मनाई केली होती वहिनी. हृदयामुळं. पावसाळ्यातच. बाई म्हणाल्या, कुणाला बोलू नको. मीच बसत नाय म्हटलं तर एकही बसायची नाय. नदीवर गेल्यावर सांगीन. आन् सहावी जागा माझी नायच, आमच्या रंजनाची हाय. तिची तालीम चालू हाय, तिला ठाऊक नाय."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"बाईंचा शब्द मोडायची माझी टाप हाय का?" मग त्यानं मला जे सांगितलं, ते तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतंत. तो तिसरीत होता. शाळा सुटायची वेळ, लख्ख ऊन, आणि शाळेपुढचा नाला जेमतेम पोटरीएवढा. तुम्ही नाल्यापाशी उभ्या राहून पाण्याकडे बघितलंत आणि सगळ्या पोरांना परत वर्गात बसवलंत. त्याचा बाप न्यायला आला होता, पलीकडून ओरडत होता, "बाई, ऊन पडलाय, पोरांना सोडा की!" तुम्ही म्हणालात, पाण्याचा रंग बदललाय, वर पाऊस झालाय. तो शिव्या देत राहिला. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात. काशिनाथ दप्तर घेऊन पळायला निघाला, तर त्याचं मनगट धरून ठेवलंत. आणि मग तो नाला आला, झाडं घेऊन. "माझा बाप पलीकडं खाली बसला वहिनी." काशिनाथनं मला स्वतःचं मनगट दाखवलं, जणू तिथे अजून तुमचा हात आहे.

तुम्ही मोठ्या होतात, अक्का. मी एकवीस वर्षं तुमच्यासोबत एका घरात राहिले आणि मला हे परवा एका ऑफिसात कळावं? पाण्याला न घाबरणारी बाई म्हणून मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही तर पाण्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखून होतात. म्हणून तर तो प्रश्न, मधेच घाबरली तर उतरवायची कुठं. तो माझ्यासाठी होता. दर फोनला, माझ्याच काउंटरवर बसून, माझ्या तोंडासमोर!

पण आता माझंही ऐका. हे बरोबर केलंत का? तुमच्या गोळ्या, रक्तदाबाच्या समजून, रोज मी तळहातावर ठेवायचे, पाण्याचा ग्लास मी धरायचे, आणि हृदयाचं काशिनाथला माहीत, मला नाही? मला सांगितलं असतंत तर मी तुम्हाला थेर म्हणाले असते का? मी तुम्हाला जिना तरी चढू दिला असता का? हं. बरोबर. म्हणूनच सांगितलं नाहीत. पण मला चालतंय म्हणून समजू नका. भांडण राहिलं आहे आपलं.

काल रविवारी वंदना झाली. मी सरळ गाद्या ओढल्या. लतानं एक शब्द न विचारता लोड आणले. वायपर गोळा करायला सुमनताई स्वतः गेल्या, गुडघ्याला हात लावत. पाच जणी आपापल्या जागी बसल्या. डावीकडची मधली जागा रिकामी. मी जाऊन बसले. पाऊल समोरच्या लोडाखाली सारलं. वायपर उलटा धरला.

मग सगळ्या वायपर धरून थांबल्या. कमांड द्यायला कुणी नव्हतं. अक्का, तो क्षण फार वाईट होता. सुमनताई पदर तोंडाला लावायला लागल्या, आणि आता सगळ्या रडणार हे दिसलं. मला तुमचा शेरा आठवला. आवाज मोठा. मी ओरडले, "फॉरवर्ड!"

हॉल दणाणला. खिडकीतली पोरं दचकून मागे सरली. आणि सहा वायपर एकदम हलले, अक्का, एका वेळी, एकही चुकली नाही. फॉरवर्ड. बॅक. स्टॉप. खाली बसा. मग मी म्हटलं, "पडलो!" आणि सगळ्यांच्या आधी मी उताणी पडले. पहिल्यांदाच. पाय वर, नाक वर, पाय दाराकडे. पाठीला फरशी गार लागत होती. लता शेजारून हळूच म्हणाली, "वहिनी, श्वास घे गं." मी श्वास धरला होता. मग घेतला.

आज सकाळी काशिनाथकडे गेले. सहा जणी, बोट पक्की, असं सांगितलं. त्यानं यादी काढली, पेन उघडलं आणि पानाच्या तळाशी थांबला. "वहिनी, हे काठावरचं नाव... खोडू का? की तिथं दुसरं कुणाचं टाकू? पर्सा, चष्मे कुणी तरी सांभाळायला लागंल."

"पर्सा गाडीत राहतील," मी म्हटलं. "नाव आहे ते राहू द्या."

त्यानं पेन बंद केलं.

आता माझा शब्द घ्या. जाण्याच्या आदल्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस झालाय का, हे मी बोटवाल्याला नाही, काठावर राहणाऱ्या एखाद्या म्हातारीला विचारीन. आणि झाला असला तर कितीही ऊन पडू दे, एकीलाही बसू देणार नाही. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघीन, प्रत्येकीचं. लताला उभी राहू देणार नाही. सुमनताईंना मात्र हसू देईन, वल्हवणं थांबलं तरी. मूठ सोडणार नाही. घाबरले तर घाबरले म्हणीन, पण उतरवायच्या जागेला उतरणार नाही. आणि पहिली लाट अंगावर आली की काठाकडे बघीन. एकदाच. मग तुम्ही शिकवलंत तसं, नजर पुढे.

तुमची भावजय,
रंजना
डावीकडे, मधे